बाकाराच्या टेबलावरचा पेला

मकाव, १२ नोव्हेंबर २००६

वेंग,

बसून वाच. हॉटेलात गिऱ्हाईक असेल तर त्याला आधी वाटेला लाव आणि मग वाच. तुझ्या लेकीनं, वान-सीनं मुलगा पसंत केलाय.

झालं सांगून. आता घोटभर पाणी पी.

नाव रेमंड, आडनाव मा. आजोबा चीनमधल्या तोइसानचे, पण हा जन्मला अमेरिकेत, लास वेगासला. इथं नवं अमेरिकन जुगारघर उघडलंय ना, त्यांनी पाठवलाय. माझ्या दुकानात आला तो पॅन्ट आखूड करायला. तुला माहीतच आहे, पत्ते वाटणाऱ्या पोरापोरींनी टेबलावरचं काही लंपास करू नये यासाठी त्यांचे खिसे मी शिवून बंद करते, म्हणून त्या जुगारघरातलं माणूस न् माणूस माझ्याकडे येतं. हा आला, एवढा उंच, सुटाबुटातला. आणि तोंड उघडलं तर काय! आजीच्या मांडीवर बसून भाषा शिकलेला, त्यामुळे बोलतो थेट तोइसानच्या म्हातारीसारखं. "पोरी, एवढी विजार बोटभर वर घेतेस का गं?" मला म्हणाला! मी त्रेसष्ट वर्षांची. तोंडात टाचण्या होत्या, गिळल्याच असत्या. वान-सीला त्या दिवशी पत्ते वाटायला जायचं नव्हतं, ती मागे इस्त्री करत होती, ती हसून हसून खाली बसली. तिथंच ठरलं असणार त्यांचं, मला कळलं दोन महिन्यांनी.

मुलगा गुणी आहे. जेवायला आला की आधी माझ्या वाटीत वाढतो, कोळंबी सोलून देतो. आपल्या वयाच्या माणसाशी बोलताना खिशातून हात बाहेर काढतो. हे सगळं आधी लिहिलं, कारण पुढचं वाचून तू कपाळावर हात मारून घेणार.

त्याचं काम म्हणजे खेळणाऱ्यांना दारू पाजणं.

ओरडू नकोस, लिस्बनमधली कबुतरं उडतील. वेगासला म्हणे रीतच आहे. माणूस खेळायला बसला की मालक त्याच्या हातात फुकट पेला देतो, पाहुणचार म्हणून. तसाच पाहुणचार इथं करायला याला पाठवलाय. रोज त्याच्या पोरी चकचकीत ट्रॉली घेऊन टेबलांमधून फिरतात. भरलेली जाते, भरलेलीच परत येते. आणि दुधाचा चहा देणारी आपली सान-बाई आहे ना, तिला मान वर करायला फुरसत नाही. बिचारा उभा राहून बघत असतो.

वान-सी मला स्पष्ट म्हणाली, "आत्या, बाबा हो म्हणाले तरच. त्यांना दुखवून मी लग्न करणार नाही." आई गेल्यावर तूच तिला एकट्यानं वाढवलंस, ते ती विसरलेली नाही. तेव्हा फेब्रुवारीत आपल्या नव्या वर्षाला ये, मुलगा बघ आणि काय ते सांग.

तुझी ताई,
सुत-वा


लिस्बन, २८ नोव्हेंबर २००६

ताई,

पाणी प्यालो. दोन ग्लास.

तू कोळंबीचं एवढं कौतुक लिहिलंस तेव्हाच मला वाटलं होतं, पुढे काहीतरी खोट निघणार. दारू पाजणारा! तेसुद्धा जुगाराच्या टेबलावर! मी काही संन्यासी नाही. माझं हॉटेल आहे, इथं जेवणाबरोबर वाइन लागते आणि मीही घेतो. पण जेवणाचं टेबल वेगळं आणि पत्त्यांचं वेगळं. बाबा आठवतात ना? सणाला फासे खेळायला बसायचे तर आधी तोंड धुऊन, स्वच्छ सदरा घालून. आईनं भातावरचं पाणी दिलं तरी म्हणायचे, "नंतर." खेळताना डोकं ठिकाणावर लागतं. ज्याला तेवढंही कळत नाही तो उद्या संसार काय सांभाळणार?

इथले म्हातारे कोपऱ्यावरच्या कॅफेत पत्ते कुटतात. एका हातात पत्ते, दुसऱ्या हातात वाइन. हरतात आणि हसतात! हरल्यावर हसणारी माणसं मी या देशातच पाहिली. हसोत बापडे, त्यांचा देश. पण त्यांच्यातल्या कुणाला मी मुलगी दिली नसती.

मी येतो नव्या वर्षाला. त्याला जेवायला घालू, मग खेळायला घेऊन जाऊ, त्याच्या जुगारघरात नाही, बंदराजवळच्या जुन्या. माणूस कसा आहे ते खेळायला बसला की कळतं. टेबलावर त्यानं पेल्याला हात लावला की विषय संपला, मग तू मध्ये पडायचं नाहीस. आणि हे त्याला आधी सांगायचं नाही. वान-सीलाही नाही. बाबांची शपथ आहे तुला.

वेंग


मकाव, १७ डिसेंबर २००६

वेंग,

शपथ घातलीस ती घातलीस, बाबांना कशाला मध्ये ओढलंस? आता पोटात ठेवावं लागणार. मला किती जड जातं ते तुला ठाऊक आहे.

पण मागच्या आठवड्यातलं सांगायला शपथ आड येत नाही. रविवारी दुपारी मी आणि सान-बाईची बहीण त्याच्या जुगारघरात गेलो होतो. खेळायला नाही रे, थंडगार हवा असते आणि चहा फुकट. बरं, एक डाव खेळले. दोन.

शेजारच्या टेबलावर फोशानचा एक फरशीवाला बसला होता. बाकाराच्या पत्त्यांत असा जिंकत होता की विचारू नकोस. पत्ता कोपऱ्यातून वाकवतोय, फुंकर घालतोय, पत्त्यावरचे नको ते ठिपके उडून जा म्हणून, आणि मागे उभी माणसं एका सुरात "उड! उड!" ओरडतायत. सगळं टेबल त्याच्या नशिबावर पैसे लावून उभं. वान-सी पत्ते वाटत होती, चेहऱ्यावर रेष नाही, शिकवलंयच तसं त्यांना.

आणि एवढ्यात आमचा जावई, म्हणजे जावई कसला, अजून तू हो म्हणायचा आहेस, आमचा रेमंड स्वतः ट्रे घेऊन आला. सोन्याच्या काठाचा पेला, त्यात उंची ब्रँडी. कमरेत वाकला आणि दोन्ही हातांनी पेला त्या माणसासमोर ठेवला. म्हणाला, "मालकांकडून अभिनंदन, तात्या."



फरशीवाल्यानं पेल्याकडे पाहिलं, मग याच्याकडे. म्हणाला, "मी हरलो का?" आणि उठला. त्याच्यामागची सगळी माणसं उठली. मिनिटाभरात टेबल रिकामं, नुसता तो पेला आणि समोर माझी वान-सी.

रेमंड संध्याकाळी माझ्याकडे आला तो तोंड पाडून. "आत्या, मी काय वाईट केलं? आमच्याकडे जिंकणाऱ्याला पेला देतात, पाठ थोपटावी तसा." मी म्हटलं, "बाळा, लग्नाकार्यात पुरुषमाणसं बोटांचा खेळ खेळतात तो पाहिलायस? दोघं हात पुढे करतात, आकडा ओरडतात. मग पेला कोण पितं?" तो विचारात पडला. म्हणाला, "हरतो तो." मग स्वतःच कपाळाला हात लावला आणि इतका हसला की डोळ्यांत पाणी आलं. जिंकत्या माणसाला यानं भर टेबलावर दंड भरायला लावला होता!

दुसऱ्या दिवशी तो फरशीवाल्याला शोधत हॉटेलात गेला, माफी मागितली. तर तो माणूस जेवायला बसला होता आणि त्याच ब्रँडीची अख्खी बाटली समोर! "आता खेळ संपलाय, आता आण किती आणतोस ते," म्हणाला. तेव्हा रेमंडनं साहेबाला सांगितलं की ट्रॉली बंद करा, दारू जेवणघरात हलवा आणि टेबलावर गरम दूध नि चहाच राहू दे. साहेब कुरकुरला, पण ऐकलं. चूक झाली ती लपवली नाही, दुसऱ्यावर ढकलली नाही. मला आवडला हो मुलगा. मी त्याला थोडी तांदळाची दारू देऊ केली, तर म्हणाला, "नको आत्या, काम आहे."

ये लवकर. तुझ्यासाठी मुळ्याची वडी करून ठेवते.

सुत-वा


लिस्बन, ५ मार्च २००७

ताई,

न भेटता पहाटेच्या बोटीनं विमानतळ गाठून निघून आलो, त्याबद्दल रागावली असशील. वान-सीचा फोन मी घेतला नाही. आवाज ऐकला असता तर मी विरघळलो असतो. म्हणून लिहितो, आणि हे तिलाही वाचून दाखव.

जेवणात मला मुलगा पटला होता. खोटं का बोलू? मी पेला उचलला तसा तो उठून उभा राहिला, दोन्ही हातांनी आपला पेला धरला, काठ माझ्या पेल्याच्या खाली ठेवला आणि एका दमात रिकामा केला. मी म्हटलं, वा! अमेरिकेत वाढून एवढी रीत आहे पोराला. मी त्याला अजून एक दिला, तोही त्यानं घेतला. मी बिल द्यायला उठलो तेव्हा मनात लग्नाचा महिनासुद्धा ठरवून टाकला होता.

आणि मग टेबलावर? तू चहा आणायला गेलीस, म्हणून तुला दिसलं नाही. मी नळावर हात धुऊन आलो तर साहेब बाकाराला बसलेले, तोंड लालभडक, कान लाल, मानेपर्यंत लाल, कपाळावर घाम. हातात उंच ग्लास. बर्फ, लिंबाची चकती, सोनेरी रंग. माझ्यासमोर त्यानं तो अर्धा रिकामा केला. मागे ही गर्दी! लोक हसतायत, एकमेकांना कोपरं मारतायत, "कुआन कोंग आला रे, कुआन कोंग!" आपल्या प्रत्येक दुकानात ज्या लाल तोंडाच्या देवाला उदबत्ती लावतो, त्याचं नाव एका बेवड्याला! माझ्या हॉटेलात गल्ल्यावर देव आहे तो, ताई.

दोन छोट्या पेल्यांनी कुणाचं तोंड असं होत नाही. बिल देईपर्यंत आणि पुढे नळावर जाईपर्यंत त्यानं काय काय ढोसलं असेल देव जाणे. मी सगळ्यांदेखत विचारलं, "प्यायलास का?" त्यानं माझ्याकडे पाहिलं, खाली पाहिलं आणि म्हणाला, "हो काका. चुकलो."

कबूल केलं त्यानं! यावर आता काय बोलायचं? मुलगा बोलायला गोड आहे, वाकतोही छान. पण पत्ते हातात असताना ज्याला पेला सुटत नाही, त्याच्या हाती मी वान-सी देणार नाही. माझं नाही म्हणणं पक्कं समज.

वेंग


मकाव, १९ मार्च २००७

वेंगराव,

हो, आज "राव". कारण आज तुमची हजेरी घ्यायची आहे.

ग्लासात लिंबूचहा होता. मीच आणला होता, सान-बाईच्या नणंदेकडून, दोन ग्लास. एक त्याला दिला आणि दुसरा घेऊन गर्दीला वळसा घालून तुझ्याकडे येईपर्यंत तू पाठ करून निघालेलास. तुझा मीच प्यायले.

आता तोंडाचं. वान-सीनं मला सांगितलं तेव्हा मी आधी हसले आणि मग हातातली कात्री खाली ठेवली. रेमंड दारू पीत नाही. त्याला सोसतच नाही. त्याच्या वडिलांनाही सोसत नव्हती, आजोबांनाही नाही. बोटभर पोटात गेली की थोड्या वेळानं पायापासून डोक्यापर्यंत पेटतो, छाती धडधडते. दारूखात्याचा साहेब आणि स्वतः चहावर! तिकडे कामावर कुणाला कळू देत नाही, लोक हसतील म्हणून. माझ्याकडे "काम आहे" म्हणाला होता ना, ते हेच. मला तरी कुठं कळलं.

मग त्या दिवशी का प्यायला? तू सांग मला, सासरा होणारा माणूस नव्या वर्षाला उठून पेला पुढे करतो, तेव्हा आपल्यातला कुठला मुलगा "नको" म्हणेल? तू एक दिलास, त्यानं घेतला. तू दुसरा दिलास. वान-सी टेबलाखालून त्याचा गुडघा दाबत होती म्हणे. तो तिला हळूच म्हणाला, "राहू दे, काका खुशीत आहेत."

आणि तू वीस माणसांत विचारलंस, प्यायलास का? त्यानं काय म्हणायचं होतं? "हो काका, तुम्हीच पाजलीत," असं? परक्या माणसांसमोर तुझं तोंड उतरवायचं? त्यानं सगळं स्वतःवर घेतलं आणि मान खाली घातली. वेंग, मी तुझी मोठी बहीण आहे, तुझा शेंबूड पुसलाय, म्हणून सांगते, मला त्या क्षणाचं ऐकून तुझी लाज वाटली. आणि त्याचा अभिमान वाटला, जसा पोटच्या पोराचा वाटावा.

शपथही मी पाळली. त्याला परीक्षेचं काही माहीत नव्हतं. आजही नाही.

अजून एक. मी चहाच्या रांगेत होते, पण आंधळी नव्हते. ती गर्दी "कुआन कोंग" म्हणून हसत होती ती थट्टा नव्हती. लाल तोंडाचा माणूस टेबलावर बसलाय, शुभ आहे, म्हणून त्याच्यामागे पैसे लावत होती. आणि जिंकत होती. त्या गर्दीत राखाडी कोट घातलेला, पुढे वाकून हळूच आपल्या पैशांच्या चकत्या सरकवणारा एक गृहस्थ मी पाहिला. एकदा नाही, चांगला तीन-चारदा. कोट मीच शिवलाय, म्हणून ओळखला. तो गृहस्थ जिंकत होता तोवर त्याला पोराचं तोंड लाल दिसत नव्हतं. एक डाव उलटा गेला आणि मग एकदम बाप जागा झाला!

वान-सी कामावर जाते, येते, जेवत नाही धड. तुझ्याबद्दल एक वाकडा शब्द बोलत नाही आणि तेच मला बघवत नाही. रेमंडला तिनं सांगितलं की बाबांनी नाही म्हटलंय. तर तो म्हणाला, "त्यांनी डोळ्यांनी पाहिलंय, त्यांना दुसरं काय वाटणार?" पुढच्या महिन्यात त्याला परत वेगासला बोलावतायत. जायचं की राहायचं, ते तुझ्या पत्रावर आहे.

आता नीट विचार करून लिही. रागावून लिहायचं असेल तर लिहूच नकोस.

सुत-वा


लिस्बन, २ एप्रिल २००७

ताई,

राखाडी कोट माझाच. कबूल.

तुझं पत्र आलं तेव्हा हॉटेल भरलेलं होतं. उभ्या उभ्या वाचलं, मग स्वयंपाकघरात जाऊन कांद्यांच्या पोत्यावर बसून पुन्हा वाचलं. आचारी विचारत होता, मालक, काय झालं. काय सांगू? पंचावन्न वर्षांच्या माणसाला एका पोरानं सगळ्यांदेखत वाचवलं आणि त्या माणसानं त्यालाच दाराबाहेर काढलं. ताई, मी हरलेल्या डावाच्या रागात उठलो होतो. त्या रागाला मी बापाची काळजी असं नाव दिलं. तुला मात्र ते बरोबर दिसलं.

काल वान-सीला फोन केला. आधी ती रडली, मग मी, मग दोघंही, आणि पोर्तुगीज फोन कंपनी गब्बर झाली. मग रेमंडला दे म्हटलं. मी म्हणालो, "पोरा, माझं चुकलं." तो त्याच्या म्हातारीच्या भाषेत म्हणतो कसा, "असू दे हो, जेवलात का?" मी तिथंच हसायला लागलो.

लग्न शरदातल्या पौर्णिमेनंतर करू. त्याला सांग, वेगासला जायचं नाही.

आता एकच अडचण राहिली आणि त्यावर मी रात्री बराच वेळ डोकं खाजवलं. लग्नाच्या जेवणात नवरदेवाला टेबलामागून टेबल हिंडावं लागतं आणि दर टेबलावर पेला रिकामा करावा लागतो. आपल्याकडचीच माणसं केवढी! तुझी सगळी गिऱ्हाइकं, सान-बाईचं खानदान, वान-सीबरोबरची पत्तेवाली पोरं. कुणी कुणी पेल्यात चहा भरून वेळ मारून नेतात, पण मला ते नको. पहिल्या दोन टेबलांतच हा पेटेल आणि लोक पुन्हा हसतील. मागे मित्र चालतात, नवऱ्याचा पेला घेऊन तेच पितात, ही सोय आहेच. पण त्याच्या मित्रांना सांग, तुम्ही बसा, जेवा, मजा करा.

त्याच्या मागे मी चालणार. दर टेबलावर तो पेला उचलेल, वाकेल, मान देईल, आणि तो पेला माझ्या हातात येईल. मला सोसते, तुला माहीतच आहे, आणि नाही सोसली तर तू आहेस धरायला. शेवटच्या टेबलापर्यंत माझंही तोंड लाल झालेलं असेल. तेव्हा कुणीतरी मला सगळ्यांदेखत विचारणारच, "काय वेंग, प्यायलास का?"

मी म्हणेन, "हो. जावयाच्या वाटणीचं."

तुझा धाकटा,
वेंग